जॉब नंबर २१२ : समुद्र

१२ जुलै, शनिवार

सकाळपासून एक टेबलफॅन आणि एक मिक्सर. पाऊस लागला की शेतातल्या मोटारी बंद, आणि मोटारी बंद की रिवाइंडिंगवाला बंद. अमळनेरात जळालेल्या मोटारींच्या कॉइली गुंडाळत सव्वीस वर्षं हेच पाहतोय. रिकामा बसण्यापेक्षा जॉब रजिस्टरचं नवं पान उघडलं.

जॉब नं. २१२. ग्राहक : माय, वय ७६. तक्रार : समुद्र पाहिलेला नाही. डिलिव्हरी : दसरा ते दिवाळीच्या मधे.

डिलिव्हरीची तारीख मी ठरवलेली नाही, धंद्याने ठरवलीय. दिवाळी झाली की हरभरा-गव्हाचं पहिलं पाणी सुरू होतं, रात्रीच्या लाइटीवर मोटारी चालतात, व्होल्टेज पडतं, आणि दुकानासमोर जळालेल्या सबमर्सिबलची रांग लागते. मग मार्चपर्यंत मला सासुरवाडीलाही जाता येत नाही. त्याआधीचे पंधरा दिवस तेवढे माझे. कोकणाच्या बाजूनेही तो काळ बरा. पाऊस ओसरलेला, डोंगर हिरवे, आणि शाळांना सुट्या न लागल्याने गर्दी नाही.

माय, मी, ही आणि गाडी चालवायला शालक. चौघं. गाडी आपलीच जुनी.

२० जुलै, रविवार

शालक चोपड्याहून यादी घेऊन आला. रेवसपासून रेडीपर्यंत अख्खा सागरी महामार्ग, सहा दिवसांत. अलिबाग, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर, हेदवी, वेळणेश्वर, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. सव्वीस नावं. माणूस केळी मोजतो तशी गावं मोजतो, घडावर घड.

म्हणे, "दाजी, एवढं लांब जातोय तर सगळं कव्हर करून टाकू."

महाराष्ट्राचा किनारा शाळेच्या पुस्तकात ७२० किलोमीटर लिहिलेला. पण ते सरळ अंतर नव्हे. दर वीस-पंचवीस किलोमीटरला एक खाडी आडवी येते. पूल असेल तिथे पूल, नाहीतर फेरीबोट, नाहीतर डोंगराला वळसा. आपल्याकडे धुळ्याहून शिरपूरला जाताना तास म्हणजे तास. तिथे चाळीस किलोमीटरला दोन तास धरा, असं सगळेच सांगतात. सव्वीस गावं आणि सहा दिवस हा हिशेब मी कॅल्क्युलेटरवर केला आणि शालकाला दाखवला. तो म्हणाला, सकाळी चारला निघू.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई, आमचा खानदेशातला देवीचा सण. सगळं भाऊबंद घरी. रोट झाले, रात्री गाणी व्हायची होती, मधल्या वेळात विषय निघाला आणि यादीत आणखी पाच गावं वाढली. प्रत्येकाच्या कोणाच्या तरी साडूने काहीतरी पाहिलेलं असतं.

मोठे काका वेगळंच बोलले. एवढं कोकणात कशाला, सुरतेला जा. आपली तापी तिथेच समुद्राला मिळते, डुमसला. ताप्ती लाइनची गाडी धरली की दुपारपर्यंत समुद्र. तसं पाहिलं तर बिनतोड. मुलताईला निघून ७२४ किलोमीटर चालत तापी जिथे जाते, तिथे आपण गाडीत बसून पोचायचं. खर्च चौथाई. मी क्षणभर डळमळलो.

तेवढ्यात चुलतभावाने बाटलीची आयडिया काढली. तापीचं पाणी बाटलीत भरून न्यायचं, मायच्या हातून समुद्रात सोडायचं, व्हिडिओ करायचा. माय कणकेचे हात धूत होती. म्हणाली, "तापीले वाट ठाऊक शे. तिले बाटलीमा कशाले भरस?"

विषय संपला. मग तिला मीच विचारलं की तुला नक्की काय पाहायचंय. मला वाटलं, देऊळ सांगेल. तिने विचारलं, "पानी मांगे जास म्हंतस. मंग ते जास कोठे?"

पन्नास-साठ वर्षं नदीकाठी काढलेली बाई. नदीचं पाणी वाढतं, उतरतं, पण एकाच बाजूला जातं. जे दिवसातून दोनदा जातं आणि दोनदा परत येतं, ते तिला पाहायचंय. आणि नुसतं येऊन गेलेलं नाही, जाताना.

रात्री यादी परत काढली. ओहोटी पूर्ण व्हायला सहा तास लागतात. म्हणजे एका जागी किमान सहा तास बसायचं. सव्वीस अधिक पाच गावांत सहा तास कुठेच नव्हते.

१० ऑगस्ट, रविवार

दिवेआगरला एका घरगुती उतरायच्या ठिकाणी फोन लावला. घरमालक वयस्क, बोलायला मोकळे. मायचा प्रश्न सांगितला तर हसले नाहीत. म्हणाले, तिथी विचारून या.

मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, पहाटे तीनलाही. अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. कोळ्याच्या पोराला घड्याळ नसलं तरी चालतं, पंचांग पाहिजे.

मी छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं. तासभर इकडे-तिकडे होतं, पण गाडी कुठे उभी करायची ते ठरवायला पुरेसं आहे. आमच्या धंद्यातही गेज मोजायच्या आधी तार बोटांनी ओळखतात, तसंच.

आणखी एक कळलं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याची हालचाल थोडी, त्याला भांग म्हणतात. म्हणजे मायला दाखवायचं तर पौर्णिमा गाठायला हवी. पंचांगात पाहिलं. कोजागिरी ६ ऑक्टोबरची, ७ ला सकाळीही पौर्णिमाच. ७ ला दुपारी बाराच्या आसपास भरती, संध्याकाळी सहाला पाणी पार आत, आणि मग पूर्वेकडून, माडांच्या मागून चंद्र. याहून चांगलं गणित जमणार नाही. ४ ला निघायचं ठरलं.

फोन ठेवता ठेवता घरमालकांनी विचारलं, तुमचा व्यवसाय काय. मोटार रिवाइंडिंग म्हटल्यावर आणखी वीस मिनिटं गेली. वाडीतल्या विहिरीवरचा त्यांचा पंप दर दोन वर्षांनी जळतो. खारं वारं. टर्मिनलवर हिरवं चढतं, तिथे कॉन्टॅक्ट ढिला होतो, करंट वाढतो आणि कॉइल जाते. मी म्हटलं, जळालेली कॉइल बदलून देणारा भेटेल, पण टर्मिनल घासून ग्रीस लावून रबरी टोपी घालणारा शोधा. आणि वार्निश दोनदा मारायला सांगा, दोन्ही वेळा भट्टीत सुकवून. हाताने फासून उन्हात ठेवलेलं वार्निश समुद्राजवळ टिकायचं नाही. ते म्हणाले, तुम्ही येताय ना.

हे हिला सांगितलेलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. आज फक्त यादी छाटली.

जंजिरा गेला. होडीतून पायरीवर पाय टाकताना होडी वर-खाली होते, मायचा गुडघा तिथे नको. वेळास गेलं, कासवांची पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर पडतात, ऑक्टोबरात तिथे कासव नाही. गुहागरच्या खालचं सगळं गेलं. त्यात थिबा राजवाडा गेला, याचं मला वाईट वाटतं. ब्रह्मदेशाचा राजा १८८५ साली पकडून आणला, त्याच्यासाठी रत्नागिरीत वाडा बांधला, आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. समुद्राकडे तोंड करून इतकी वर्षं बसलेला माणूस. पुढच्या वेळी.

उरलं : दिवेआगर, आंजर्ले, गुहागर. प्रत्येकी दोन रात्री.

शालकाचा फोन. "दाजी, तीनच? लोकांना सांगायचं काय?"

७ सप्टेंबर, रविवार

भाद्रपदी पौर्णिमा. गल्लीतल्या पोरींनी भुलाबाई मांडली, आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी आणि खाऊ ओळखायचा खेळ. रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, गच्चीवरून पाहिलं. तांबडा चंद्र. माय ग्रहणात पाणीसुद्धा घेत नाही, पण खाटेवरून विचारत होती की आज समुद्राचं पाणी जास्त चढलं असेल का. मी म्हटलं, ग्रहणाने नाही, पौर्णिमेने चढलं असेल. तिने मान हलवली. आता तिला आमच्यापेक्षा जास्त कळायला लागलंय.

१४ सप्टेंबर, रविवार

रस्ता पक्का केला. पहिला मुक्काम नाशिकला हिच्या बहिणीकडे, धुळे-मालेगाव मार्गे, दोनशेच्या आसपास किलोमीटर. दुसऱ्या दिवशी कसारा घाट उतरून पनवेल, माणगाव, दिवेआगर. हा दिवस तीनशेच्या पुढचा, सगळ्यात जड. ताम्हिणीतून जायचं शालकाच्या मनात होतं, पावसानंतर घाट देखणा असतो हे खरं, पण त्यासाठी आधी पुणं गाठायचं. नको. येताना गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड, पुणे, घर.

एकूण पंधराशे धरले. गाडी लिटरला चौदा देते, म्हणजे एकशेसात-आठ लिटर डिझेल, दहा हजार.

मधे दोन फेरीबोटी. बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीची खाडी, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठीची. गाडी रॅम्पवरून सरळ बोटीत घालायची, उतरून कठड्याशी उभं राहायचं, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. बोट चुकली तर पहिल्या ठिकाणी आंबेतच्या पुलापर्यंत वळसा आणि दुसऱ्या ठिकाणी खेड-चिपळूण फिरून शंभराच्या वर किलोमीटर. म्हणून संध्याकाळची बोट धरायची नाही, सकाळचीच. तिकडे लोक या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात. मायने ऐकलं आणि विचारलं, जंगलात काय करायला जायचं.

आंजर्ल्यात कड्यावरचा गणपती आहे, गाडी वरपर्यंत जाते हे विचारून घेतलं. हर्णै तिथून जवळ. बंदरावर मासळीचा लिलाव होतो, बोटींतून माल बैलगाड्यांवर किनाऱ्याला येतो, चाकं पाण्यात. बैल समुद्रात उभे, हे मला पाहायचंय. माय माळकरी, ती गाडीत बसेल. शालक मात्र लिलावात बोली लावणार, असं आत्तापासून सांगतोय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे ऑक्टोबरात बोटी जोरात असणार.

खोल्यांचे ॲडव्हान्स आजच टाकणार होतो. ही म्हणाली, पितरांच्या पंधरवड्यात नको. माझा यावर विश्वास नाही. पण थांबलो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. तिन्ही ठिकाणी ॲडव्हान्स टाकायला बसलो. तिसऱ्या ठिकाणी हजार रुपये गेल्यावर समोरचा फोन उचलेना. संध्याकाळपर्यंत सात वेळा लावला. दुसरं घर शोधलं, समुद्रापासून थोडं आत आहे. ते हजार रजिस्टरला "स्क्रॅप" म्हणून लिहिले.

दिवेआगरवाल्यांनी ॲडव्हान्स घेतलाच नाही. या, बघू म्हणाले. त्यांच्याशी आज वादळावर बोलणं झालं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. वाडी आडवी झाली, माड आणि सुपारी दोन्ही, आणि कित्येक दिवस लाइट नव्हती. शालक शेजारी बसला होता, स्पीकरवर ऐकत. त्याची केळी दोनदा आडवी झालेली आहे, मे महिन्यातल्या वाऱ्याने. तो म्हणाला, आमचंही असंच होतं. पलीकडून उत्तर आलं, "तुमची केळ पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहते. आमची सुपारी लावली तेव्हा जन्मलेलं पोर शाळेत जायला लागतं, तेव्हा कुठे फळ दिसतं."

शालक यावर काही बोलला नाही. फोन संपल्यावर म्हणाला, दिवेआगरला दोनच्या तीन रात्री करता येतील का. यादीवाला माणूस हा.

२८ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस धो धो. कोकणात आणि घाटात इशारे, मराठवाड्याचे हाल टीव्हीवर पाहवत नाहीत. आपल्याकडेही फुटलेला कापूस भिजला. भावाच्या शेतात बोंडं काळी पडलीत. अशा वेळी फिरायला जायचं बोलायलाही लाज वाटते. आज कोणी विषय काढला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. वाइंडिंग मशीन, मेगर, भट्टी, पक्कड-पाने सगळं पुसून हळद-कुंकू. गाडीलाही हार. टायर पुढचे दोन नवे, वायपर बदलले, ब्रेक पाहिले. भाऊ येऊन म्हणाला, मायला घेऊन जा, कापूस तुझ्या थांबण्याने वाळणार नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज निघायचं होतं. काल रात्री बातमी, अरबी समुद्रात "शक्ती" नावाचं चक्रीवादळ. ते किनाऱ्यापासून लांब, पश्चिमेकडे सरकतंय, पण समुद्र खवळलेला राहील आणि मच्छीमारांनी जाऊ नये असा इशारा. दिवेआगरला फोन केला. म्हणाले, "इथे काही नाही, वारा आहे. पण आई आहेत बरोबर, चार दिवसांनी या."

ज्या माणसाने निसर्ग वादळ पाहिलंय, तो चार दिवस म्हणतो तर चार दिवस. बॅगा भरलेल्या तशाच ठेवल्या. निघायचं ९ ला.

माझी कोजागिरी गेली. उधाण गेलं, चंद्र गेला, दुपारी बाराची भरती गेली. ऑगस्टपासून जपलेलं गणित. शालकाने समजूत घालायला विचारलं, "मग आता यादीतलं आणखी एखादं गाव घेऊ का?" मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. गच्चीवर दूध. गल्लीत भुलाबाईचा शेवटचा दिवस.

दुधाच्या पातेल्याशेजारी पंचांग घेऊन गणित नव्याने मांडलं. ९ ला नाशिक, १० ला संध्याकाळी दिवेआगर. ११ ला पंचमी. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. मधे प्रतिपदेचा क्षय आहे, म्हणून तिथी पुढे पळालीय, कोष्टक तासभर आधीची वेळ दाखवतं. म्हणजे पहाटे पावणेतीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी.

माय रोज पाचला उठते. चहा घेऊन किनाऱ्यावर खुर्चीत बसली तर उजाडताना पाणी निम्म्यावर असेल आणि तिच्या डोळ्यांदेखत नऊपर्यंत आत जाईल. ऊनही चढलेलं नसेल. पौर्णिमेला ती दुपारी बारा ते सहा उन्हात बसली असती. हे माझ्या डोक्यात इतके दिवस कसं आलं नाही? चंद्राच्या नादात ऊन विसरलो.

पुढचं बदललं. गुहागरला पोचेपर्यंत अष्टमी-नवमी, भांग. हेदवीची बामणघळ शालकाने गुपचूप परत यादीत घातली होती, भरतीचं पाणी घळीत शिरून उंच उडतं ती. भांगाला पाण्यात तेवढा जोर नसतो. काढली. त्याने तक्रार केली नाही, तिथीच दाखवली ना. गुहागरला व्याडेश्वर, लांब वाळू, आणि जमलं तर अंजनवेलचा तो वीजप्रकल्प लांबून. मी वीजवाला आहे, मलाही एक देऊळ पाहिजे.

तीन रात्री दिवेआगर, दोन आंजर्ले, एक गुहागर. १६ ला पुणे, १७ ला वसुबारसेला घरी.

८ ऑक्टोबर, बुधवार

हिने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दोन किलो शेव बांधली. मी म्हटलं, तिकडे जेवण मिळतं. म्हणाली, प्रत्येक गोष्टीत खोबरं असतं, तिसऱ्या दिवशी तुम्हीच शेव मागाल.

बॅगेतून माझा मल्टिमीटर निघाला. "तिथेही दुकान?" एवढंच विचारलं. मल्टिमीटर कपाटात गेला. ग्रीसची डबी आणि दोन रबरी टोप्या स्टेपनीखाली आहेत, तिथे ती पाहत नाही.

दुपारी एक शेतकरी विहिरीवरची मोटार घेऊन आला. बेअरिंग गेलंय, कॉइल शाबूत. १८ ला देतो म्हटलं. म्हणाला, चालेल, अजून जमिनीत ओल आहे. शटरला पाटी लावली.

माय संध्याकाळपासून तयार. लुगडी दोन, माळ, गुडघ्याचं तेल आणि एक छोटी उशी. खुर्चीत तीन-चार तास बसायचं तर पाठीला लागेल, हे तिनेच ओळखलं. शालकाने शेवटचं विचारून पाहिलं, आजी, जाता जाता अलिबाग पण करायचं का. ती म्हणाली, "माले समुद्र देखना शे, गावं मोजना नही."

किलोमीटर १,१२,४६०. डिझेल फुल. हवा चारही चाकांत पाहिली, स्टेपनीतही. सकाळी पाचला निघायचं. शालक म्हणतो चार.

पाच.